लेले बाईंचे चाळीस

माघ उतरणीला लागला की ग्वाल्हेरच्या लष्कर पेठेतल्या दुकानांपुढचे गजकचे, तिळाच्या वड्यांचे, ढीग कमी व्हायला लागतात. उरलेली गजक जरा सादळते, दाताला चिकटते. दुपारी कोरडा वारा सुटतो आणि कडुनिंबाची पिवळी पानं गच्चीभर होतात. गल्लीतल्या लग्नाच्या बँडवाल्यांना कुणीतरी जाऊन सांगून येतं, की मुलांच्या परीक्षा आहेत, जरा हळू वाजवा. लोकांना हे दिवस आवडतात, कारण थंडी गेलेली असते आणि ऊन अजून चावायला लागलेलं नसतं. मला मात्र या दिवसांत पहाटेच जाग येते आणि हात उशाखाली पुस्तक शोधायला जातो. ऐंशीच्या घरातल्या बाईला कसली आली परीक्षा, असं माझा मुलगा चेष्टेने विचारतो. त्याचं काही चूक नाही. मी आयुष्यभर गणित शिकवलं, गठ्ठेच्या गठ्ठे पेपर तपासले, निवृत्त होऊनही जमाना झाला. पण हाताला हे कुणी सांगितलेलं नाही.

यंदा नात बारावीला आहे. सई. गच्चीवर पाय पसरून बसते आणि फोनवर हिशेब करत राहते, शाळेचे गुण इतके धरतील, बोर्डाचे इतके, म्हणजे एकूण किती. परवा खाली आली आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसली. शाळेच्या सराव परीक्षेत तिला गणितात पंचाण्णव मिळालेत. मी म्हटलं, मग तोंड असं का?

"अगं आजी, हमारे यहाँ तो सबको बढ़ा के देते हैं. शाळेचं नाव खराब नको व्हायला म्हणून. तू टीचर होतीस ना, तू सांग. हे पंचाण्णव असल में किती असतील?"

हाच प्रश्न आमच्याही वेळी होता, फक्त हिशेब उलटा होता. ही मुलं शाळेच्या गुणांतून वजा करतात. आम्ही मिळवत होतो.

ग्वाल्हेर राजधानी राहिलं नाही त्या वर्षाची ही गोष्ट. संस्थान गेलं तेव्हा मी अगदी लहान होते, त्याचं मला फारसं काही आठवत नाही. मग मध्यभारत झाला, थंडीत राजधानी इथे आणि उन्हाळ्यात इंदूरला. त्याची सवय होते न होते तोच मध्यभारतही मोडला आणि त्याचा मोठा मध्यप्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली. मोठी माणसं त्या दिवसांत 'विलीन' हा शब्द फार वापरायची. ओसरीवर, देवळात, दूधवाल्याशी बोलतानासुद्धा. मला तो शब्द ऐकला की पाण्यात टाकलेला मिठाचा खडा दिसायचा. तो नाहीसा होतो म्हणजे नक्की कुठे जातो, हे मी बराच वेळ पेल्यात बघत बसायची आणि आई पाठीत धपाटा घालायची.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते सचिवालयात हेडक्लार्क होते. आमचं घराणं दख्खनेतून कुठल्याशा सरदाराबरोबर कारकुनीला आलेलं. तेव्हापासून घरात दऊत-लेखणीचंच काम, फक्त धनी बदलत गेले. आता नानांचं खातं उन्हाळ्यात भोपाळला हलणार होतं. कपाटं रिकामी होत होती, दप्तरं बांधली जात होती. नाना संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कपड्यांना जुन्या कागदांच्या धुळीचा वास यायचा आणि ते हात धुतल्यानंतरही बराच वेळ शिंकत राहायचे.

त्याच वर्षी माझी हायस्कूलची परीक्षा. नानांनी मला समोर बसवून एकदाच सांगितलं, पुन्हा तो विषय काढला नाही. सेकंड डिव्हिजन आली तर इथेच नया बाजारात आत्याकडे राहायचं आणि कॉलेजला जायचं. थर्ड आली तर सगळ्यांबरोबर भोपाळला यायचं आणि खंडव्याच्या लोकांना होकार कळवायचा. खंडव्याचे लोक दिवाळीत मला बघून गेले होते. मुलगा रेल्वेत होता, दिसायला बरा होता, आणि वाईट असेल असं मानायला काही कारण नव्हतं. मला त्याची भीती वाटत नव्हती. आपण वाचत असलेलं पुस्तक कुणीतरी येऊन मध्येच मिटेल आणि खूण घालायलाही वेळ देणार नाही, याची मला भीती वाटत होती. ती इतकी खरी होती की मी पुस्तकं उशाखाली घेऊन झोपायची.

बाकीचे विषय माझे बरे होते. सगळं येऊन अडायचं गणितावर, आणि गणित होतं लेले बाईंकडे.

लेले बाई लष्करातच वाढलेल्या, लग्न न केलेल्या, सडपातळ. पांढरं लुगडं, बारीक काठ, आणि हातात इतकं टोक काढलेली लाल पेन्सिल की बघूनच बोटाला टोचल्यासारखं व्हायचं. शिकवायच्या उत्तम. पण गुण द्यायची वेळ आली की बाईंचा हात आखडायचा. उत्तर बरोबर असलं तरी अक्षराचा एक जायचा, समास सोडला नाही म्हणून एक जायचा, 'म्हणून' लिहिलं नाही म्हणून एक जायचा. शंभरपैकी पन्नास कुणाला दिल्याचं ऐकिवात नव्हतं. पहिल्या नंबराच्या मुलीलाही पंचेचाळीसच्या वर कधी जाऊ दिलं नाही, आणि पेपर हातात देताना तिच्याकडे बघून नुसतं 'ठीक' म्हणायच्या. ते 'ठीक' घेऊन ती मुलगी दिवसभर मान ताठ करून फिरायची.

गंमत अशी, की बाईंचे गुण कुणी जसेच्या तसे धरतच नसे. लष्करातल्या मराठी घरांतून त्याचा एक ठरलेला भाव होता. लेले बाईंचे चाळीस म्हणजे बोर्डाचे साठ. कुणी ठरवला माहीत नाही, पण आधीच्या मुलींच्या निकालावरून हळूहळू तो पक्का झाला होता. चाळीस घेऊन मुलगी घरी आली की आई शिरा करायची. शेजारीण विचारायची, किती मिळाले? चाळीस. अगंबाई, लेले बाईंचे? मग काही काळजीच नाही. लग्न जुळवतानासुद्धा मुलाकडचे विचारायचे, गणित कुणाकडे होतं. मलाही सहामाहीत चाळीस मिळाले होते. आम्हीही वीस मिळवले, शिरा खाल्ला, आणि मी गणिताचं पुस्तक जरा बाजूलाच ठेवलं.

संक्रांतीच्या सुमाराला मोठ्या बाईंनी प्रार्थनेनंतर सगळ्यांना उभं ठेवलं आणि सांगितलं, की नव्या राज्यात नवीन पद्धत येणार असं कळतंय. वर्षभराचे शाळेतले गुण बोर्डाकडे पाठवायचे आहेत आणि ते शेवटच्या निकालात धरले जातील. किती धरणार, कसे धरणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या विमलने माझं मनगट धरलं होतं, ते तिने इतकं आवळलं की काकणाचा वळ उठला. भोपाळला बसलेल्या माणसाला लेले बाई कोण हे ठाऊक नव्हतं. तो मनात वीस मिळवणार नव्हता. त्याच्या कागदावर चाळीस हे चाळीसच राहणार होते.

मोठेपणी मी भीतीचे बरेच प्रकार पाहिले. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून पाहिले, मुलाचं पत्र आलं नाही तेव्हा पाहिले. पण त्या वर्षीची भीती वेगळी होती, कारण ती एकटीची नव्हती. शाळेत मला माझ्या गुणांची भीती, घरी नानांना त्यांच्या जागेची. सगळ्या लष्करालाच कुणीतरी अनोळखी माणूस नव्याने मोजणार होता, आणि त्याची मापं कुणालाच माहीत नव्हती. दुकानदार म्हणायचे, सरकारी दफ्तरं गेली की गिऱ्हाईक जाणार. आत्याचे यजमान म्हणायचे, बघा आता फूलबागेत संध्याकाळी कुत्रंही फिरणार नाही. मी हे सगळं ऐकायची आणि माझ्या चाळीसशी जोडायची.

मुलींच्या आयांनी आपल्या परीने करायचं ते केलं. हळदीकुंकवाला बाईंना बोलावणं गेलं, एरवी जात नसे अशा घरांतूनही गेलं. आमच्याकडे त्या आल्या तेव्हा आईने तिळगूळ हातावर ठेवता ठेवता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की बाई, यंदा जरा सैल हाताने द्या, पोरींच्या आयुष्याचा सवाल आहे. बाईंनी तिळगूळ तोंडात टाकला, छान झालाय म्हणाल्या आणि पायात चपला घातल्या. आईला त्यांचा राग आला. नानांना मात्र आपल्या बायकोची लाज वाटली. रात्री जेवताना ते म्हणाले, की ज्यांनी सरळ तपासलं त्यांच्याकडे वशिला लावायचा म्हणजे काय. आपल्याकडे कुणी उगाच पाठ थोपटत नाही, म्हणून तर आपल्याकडच्या शब्दाला वजन आहे. हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की आईने त्यांना आणखी एक पोळी वाढली.

मग नानांचा कागद आला.

त्याचं असं झालं होतं. नव्या राज्यात ग्वाल्हेरची माणसं, इंदूरची माणसं, महाकोशलची माणसं, सगळी एका रांगेत लावायची होती. कोणाचा हुद्दा कोणाच्या बरोबरीचा आणि कोण कोणाच्या वर, हे ठरवायचं होतं. त्यासाठी जुने शेरे काढून बघितले गेले. नानांचे साहेब आमच्यातलेच, फार सचोटीचे. त्यांनी नानांच्या नावापुढे दरवर्षी एकच शब्द लिहिला होता, 'संतोषजनक'. त्या दफ्तरात त्याच्या वरचा शब्दच नव्हता. ज्याला संतोषजनक मिळे त्याला बाकीचे चहाला बोलावत. पण दुसरीकडच्या साहेबांचे हात सढळ होते. तिथे कालपरवा लागलेल्या पोरांनाही 'उत्कृष्ट' आणि 'असाधारण' मिळाले होते. त्या रांगेत नाना बरेच खाली गेले. भोपाळला त्यांच्या वर त्यांच्याहून वयाने आणि नोकरीने लहान असा माणूस बसणार होता.

साहेब स्वतः घरी आले होते. ओसरीवर बसून म्हणाले, की माझ्या हातून तुमचं नुकसान झालं, पण मी जे लिहिलं ते कौतुकानेच लिहिलं होतं. नाना म्हणाले, मला ठाऊक आहे. दोघांनी चहा घेतला. साहेब गेल्यावर नाना तिथेच बसून राहिले. आईने दिवा आणून ठेवला तरी ते उठले नाहीत. मी दारातून बघत होते. नानांना मी रागावलेले पाहिले होते, आजारी पाहिले होते. घाबरलेले पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्यांना काय होतंय हे घरात सगळ्यांत जास्त मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी नानांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, चल. आम्ही लेले बाईंच्या घरी गेलो. बाड्याच्या, म्हणजे लष्करातल्या मोठ्या चौकाच्या, मागच्या बाजूला जिना चढून वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खिडकीत तुळस होती आणि टेबलावर पेपरांचा गठ्ठा. बाईंनी नानांना खुर्ची दिली, मी उंबऱ्याशी बसले. नाना इकडचं तिकडचं काहीच बोलले नाहीत.

"बाई, गुण वाढवा असं मी म्हणत नाही. ते मला शोभणार नाही. फक्त सोबत एक ओळ लिहा, की या शाळेत हात असा आहे."

"कसा आहे?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लष्करात सगळेच तुमच्या गुणांत वीस मिळवतात, बाई."

"सगळे म्हणजे?"

"आम्ही मिळवतो. शेजारी मिळवतात. पोरी स्वतः मिळवतात. चाळीस आले की घरी शिरा होतो."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली. खरंच त्यांना हे माहीत नव्हतं. साऱ्या गावाला माहीत असलेली गोष्ट ज्यांची होती त्यांनाच माहीत नव्हती, कारण ती त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

"म्हणजे मी चाळीस लिहिते, ते चाळीस म्हणून कुणी वाचतच नाही," बाई म्हणाल्या. "मी भीती वाटावी म्हणून कमी द्यायची. पोर चाळीस बघेल, घाबरेल, अभ्यासाला बसेल. आणि तुम्ही लोक घरी वीस घालून तिला शिरा खाऊ घालून राहिला होतात."

बाईंनी टेबलावरची लाल पेन्सिल उचलली, टोक बोटाने चाचपलं, पुन्हा ठेवली.

"ओळ मी लिहिणार नाही. लिहिली तर आजवर खोटे गुण देत आले असं कबूल केल्यासारखं होतं." मग त्या म्हणाल्या, "आणि न लिहून तरी दुसरं काय होतंय, गुण खोटेच ठरतात."

मी मास्तरीण झाल्यावर हे वाक्य किती वेळा माझ्या कानात वाजलं सांगता येणार नाही. पेपरावर आकडा लिहिताना आपण कुणाशी बोलतोय, मुलीशी, तिच्या आईशी, की कुठे तरी दूर बसलेल्या माणसाशी, हे मला कधीच नीट ठरवता आलं नाही. सगळ्यांशी एकच आकडा बोलतो, आणि प्रत्येकजण तो आपल्या भाषेत ऐकतो.

निघताना बाई म्हणाल्या, की रविवारी गणिताच्या सगळ्या पोरींना शाळेत पाठवा. बोर्डाचा जुना पेपर देईन, आणि बोर्ड जे देईल तेच देईन. वर नाही, खाली नाही. ते गुण पाठवीन.

जिना उतरताना नाना पुष्कळ हलके झाले होते. म्हणाले, आता तुझे साठ कागदावर येतील. त्यांचं बरं वाटणं मला त्यांच्या चालीत दिसलं आणि मला पहिल्यांदा एक नवीच भीती वाटली. आत्तापर्यंत मला भोपाळच्या माणसाची भीती होती, की त्याला माझे खरे गुण कळणार नाहीत. आता वाटलं, कळले तर? बाईंच्या चाळिसात लपलेले ते वीस माझे आहेत हे कुणी तपासलं होतं? ते विमलचे असतील, पहिल्या नंबरवालीचे असतील. लष्कराने सरसकट सगळ्यांना वाटले, म्हणून मीही घेतले होते.

त्या रविवारचा वर्ग मला अजून दिसतो. खिडकीतून येणारं पट्ट्यापट्ट्याचं ऊन, रिकाम्या शाळेत घुमणारे पारव्यांचे आवाज, शाईच्या दौतीत पडलेलं कडुनिंबाचं पान. मला प्रमेयं सगळी पाठ होती, आकृतीसकट. पण प्रमेयाखाली रायडर असायचं, म्हणजे त्याच प्रमेयावर बेतलेला, आधी न पाहिलेला प्रश्न. तिथे पाठांतर चालत नाही. तिथे माझा हात थांबायचा. सहामाहीतही थांबला होता, पण तेव्हा वाटलं होतं की बाईंनी अक्षराचे कापले.

पेपर परत मिळाले. विमलचे चाळिसाचे चौसष्ट झाले होते, तिला रडू आवरेना. पहिल्या नंबरवालीचे सत्तरच्या पुढे गेले. मुलींचा गलका चालला होता आणि माझा पेपर माझ्या हातात होता. त्यावर चव्वेचाळीस होते. मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. त्यात मिळवायला आता काहीच शिल्लक नव्हतं.

बाईंनी मला मागे थांबवलं. सगळ्या गेल्यावर माझ्या बाकावर शेजारी येऊन बसल्या, जे त्या कधी करत नसत.

"घाबरलीस?"

मी मान हलवली.

"बरं झालं. मघापासून मी एकटीच घाबरून राहिले होते. उद्यापासून शाळा सुटली की माझ्याकडे ये."

घरी मी खरं तेच सांगितलं. आईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. नाना काही रागावले नाहीत, त्यांनी तो पेपर मागून घेतला, चष्मा लावून एकेक पान पाहिलं आणि परत दिला. मला वाटलं होतं ते खंडव्याचं नाव काढतील. त्यांनी काढलं नाही, पण घरात ते नाव आता बोलल्याशिवायही ऐकू यायला लागलं. आई माझ्या वेणीला तेल लावताना जरा जास्त वेळ लावायची. आत्या आली की माझ्याकडे बघून हसायची आणि लगेच दुसरीकडे बघायची. भोपाळला न्यायच्या सामानात माझी ट्रंक धरायची की नाही यावर कुणी काही बोलत नसे, म्हणून ती ओसरीच्या कोपऱ्यात एकटीच पडून होती.

फाल्गुन आणि चैत्र असे गेले. बाईंच्या खिडकीत तुळस मंजिऱ्यांनी भरली. त्या आकृती काढायच्या आणि पेन्सिल माझ्या हातात द्यायच्या. काय दिसतंय ते सांग, म्हणायच्या, पाठ काय आहे ते नको सांगू. मला काही दिसायचं नाही. मग त्या नुसत्या बसून राहायच्या, खाली टांगे जायचे, कुल्फीवाला ओरडायचा, आणि मला त्या शांततेची भीती वाटायची. पण एखाद्या संध्याकाळी दोन रेषा आपोआप जवळ आल्यासारख्या वाटायच्या, त्रिकोण आकृतीतून बाहेर यायचा. मी सांगायची. बाई 'हं' म्हणायच्या. त्या 'हं'मध्ये किती मिळवायचे हे मी विचारणं सोडून दिलं होतं.

परीक्षेच्या दिवशी लूचा तापलेला वारा सुटला होता. मांडवातल्या कागदांवर आम्ही दगड ठेवले होते. भूमितीच्या प्रश्नाखालचं रायडर वाचलं आणि माझा हात थांबला, नेहमीसारखाच. मी डोळे मिटले. पाठ असलेलं सगळं मागे टाकून नुसती आकृती बघायचा प्रयत्न केला. बाईंच्या खोलीतली ती शांतता तेव्हा माझ्या उपयोगी पडली, कारण तिच्यात बसायची मला सवय झाली होती. ते रायडर सुटलं. दुसरं सुटलं नाही.

निकाल पेपरात छापून यायचे. बाड्यावर पेपरवाल्याभोवती गर्दी होती, नाना गर्दीत शिरले आणि मी छत्रीच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. ते बाहेर यायला किती वेळ लागला मला माहीत नाही. मला त्यांची टोपी दिसत होती, मध्येच दिसेनाशी होत होती. ते आले तेव्हा पेपर घडी घालून काखेत होता. म्हणाले, सेकंडमध्ये आहे. मी त्यांना पुन्हा बघायला सांगितलं. त्यांनी रस्त्यातच पेपर उघडला आणि बोट ठेवून माझा नंबर दाखवला.

शाळेतून पाठवलेले ते चव्वेचाळीस बोर्डाने धरले की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कुणी म्हणे धरले, कुणी म्हणे ती पद्धत त्या वर्षी आलीच नाही, नुसतीच हवा होती. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला काय माहीत. ज्या गोष्टीसाठी सगळं लष्कर झोपलं नव्हतं, ती होती की नव्हती हेही कुणी आम्हाला सांगितलं नाही.

सईला मी यातलं थोडंच सांगितलं. काल तिने एक जुना पेपर सोडवून माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणाली, "तू देख ना आजी, तुझ्या हाताने. जे खरं असेल ते." मी चष्मा लावला. मी प्रत्येक पायरी तपासली, अक्षराचे कापले नाहीत, लाडाचे दिले नाहीत. बेरीज सत्तरच्या आसपास आली. पंचाण्णव कुठे आणि सत्तर कुठे. आकडा लिहिताना मला वाटलं, ही पोर आता उठून जाईल आणि आठ दिवस माझ्याशी बोलणार नाही. तिचा चेहरा उतरला खरा. मग ती पलंगावर जरा सरकून बसली आणि म्हणाली, "तो फिर सिखाओ." आज संध्याकाळपासून आम्ही बसणार आहोत. मला झोप आलेली नाही.

बाईंकडून घेतलेलं मी तिला देऊ शकते. नानांकडचं एक मात्र कसं सांगावं मला कळत नाही.

भोपाळला निघायचा दिवस होता. टांग्यात सामान चढत होतं, आई तुळशीला पाणी घालायला पुन्हा पुन्हा आत जात होती, माझी ट्रंक आत्याकडे पोचलीही होती. नानांनी मला बाजूला बोलावलं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि वाट बघत होते. मला माहीत होतं ते काय म्हणतील. आमच्या घरात आजोबांनी नानांना तेच म्हटलं होतं, नानांनी माझ्या थोरल्या भावाला, दादाला, म्हटलं होतं. ते 'ठीक आहे' म्हणतील, आणि मी त्यात माझं मिळवून घेईन, पुष्कळ मिळवीन, जन्मभर पुरेल इतकं.

नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उत्कृष्ट. फार उत्कृष्ट केलंस, बेटा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. तो शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तो त्या दुसऱ्या साहेबांचा शब्द होता, नानांच्या वर जाऊन बसलेल्यांच्या नावापुढे लिहिलेला. नानांनी तो माझ्यासाठी उचलला होता, कारण पुढे कुणी आपल्या शब्दात काही मिळवून वाचेल यावर आता त्यांचा विश्वास राहिला नव्हता. माझ्यावरसुद्धा नव्हता. टांगा हलला आणि मला रडू फुटलं. आईला वाटलं मी एकटी राहणार म्हणून रडतेय. मला नानांसाठी भीती वाटत होती, 'ठीक आहे' म्हणणाऱ्या आमच्यातून ते भोपाळला पोचायच्या आधीच निघून गेले होते.